लीलावतीचे भिन्नप्रकरण : एक परामर्श

बुऱ्हाणपुरात बुधवारा नावाचा भाग आहे. तेथील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही काही दिवस राहिलो होतो. घरात बोली मराठी, बाजारात हिंदी, आणि शेजारच्या दुकानात मध्येच उर्दू व गुजराती कानी पडावी, असा तेथील रिवाज. एके दिवशी सकाळी घरच्या आजी ओसरीवर केळी मोजून ठेवीत होत्या आणि त्यांची सहावीतील नात पाटीइतक्या मोठ्या वहीत गणिते सोडवीत होती. गणित साधे होते : अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज. मुलीने वरच्या अंकांत वरचे मिळविले, खालच्यांत खालचे मिळविले, आणि उत्तर लिहिले, दोन पंचमांश.

आजी आता ऐंशीच्या घरात आहेत. खानदेशात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या, पुढे नाही. परंतु पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही सारी त्यांना अद्याप मुखोद्गत आहेत. अठ्ठेचाळीस रुपये डझनाची केळी पावणेदोन डझन घेतली तर किती द्यावे, असे आम्ही सहज विचारले. प्रश्न संपण्याच्या आत त्यांनी चौऱ्याऐंशी असे उत्तर दिले. नातीला कागद लागला. मग नातीनेच उलट विचारले, "आजी, दोन तृतीयांश डझनाचे किती गं?" आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, असं कुणी मागतं का बाजारात?"

ह्या एका वाक्याने आम्हांस बरेच दिवस विचारात टाकले. आजींपाशी वेग होता, परंतु तो ठरावीक वाटांवरच चालणारा. नातीपाशी कोणत्याही वाटेने जाण्याचे नियम होते, परंतु आपले उत्तर मूळ अर्ध्याहूनही कमी आले आहे, हे तिच्या ध्यानी आले नव्हते. अर्ध्यात काही मिळवावे आणि ते अर्ध्याहून कमी व्हावे, हे आजींना कोणी सांगितले असते तर त्यांनी हसून सोडून दिले असते. दोघींच्या मध्ये काहीतरी तुटले आहे. ते काय, ह्याचा शोध घेण्यासाठी आम्ही भास्कराचार्यांची लीलावती पुन्हा हाती घेतली आणि तिचे भिन्नांचे प्रकरण बुधवाऱ्यातच बसून वाचले. त्या वाचनाचा हा परामर्श.

लीलावतीविषयी आपल्याकडे एक गोष्ट घरोघर सांगितली जाते. ज्योतिषी पित्याने कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र मांडले, तिच्या अलंकारातील मोती पात्राच्या छिद्रात पडून पाणी अडले, मुहूर्त टळला, आणि पित्याने तिचे नाव चिरंतन राहावे म्हणून ग्रंथ लिहिला. कथा करुण आहे, म्हणून टिकली. मात्र मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. ती आढळते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली केलेल्या फार्सी भाषांतराच्या प्रस्तावनेत. पुढे १५९१ मध्ये बादशहाने ह्याच फैजीला खानदेशच्या राजा अली खान फारुकीकडे वकील म्हणून पाठविले, आणि त्या राज्याची राजधानी होती हे बुऱ्हाणपूर. म्हणजे लीलावतीचा पहिला प्रसिद्ध परभाषी वाचक ह्या गावच्या राजाकडे येऊन गेलेला आहे. त्याच्या फार्सीत अपूर्णांकाला 'कसर' म्हणत. मोडणे, तुटणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. तोच शब्द आपल्या जमाखर्चात येऊन बसला आणि आज आपण 'थोडी कसर राहिली' असे म्हणतो, तेव्हा नकळत अपूर्णांकच बोलत असतो. आम्हांस खेद वाटतो तो इतकाच, की मोत्याची कथा सर्वांना ठाऊक आणि ग्रंथ मात्र कोणी उघडीत नाही.

ग्रंथ ११५० सालचा. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४ सालचा. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला आहे असे ते स्वतः सांगतात. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्याने एक मठ स्थापिला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भवानीच्या म्हणजे पाटणादेवीच्या स्थानी आढळला. लेख १२०७ सालचा असून त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचे येणे मठाला दिले, असा त्याचा आशय आहे. देवीचे ठिकाण, गणिताचा मठ आणि बाजाराचे उत्पन्न अशी तिन्ही एका दगडावर आली आहेत, हे आमच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. बुऱ्हाणपुराहून भुसावळ, आणि भुसावळहून चाळीसगाव, असा हा एका आगगाडीच्या वाटेवरचा मुलूख आहे.

आता प्रकरणाकडे वळू. भास्कराचार्य अपूर्णांकाला 'भिन्न' म्हणतात. भिन्न म्हणजे फुटलेले. वरच्या अंकाला अंश आणि खालच्याला छेद किंवा हर. मराठी शाळेने ह्यांतील छेद ठेवला आणि भिन्न टाकून 'अपूर्णांक' हा शब्द घेतला. हिंदी शाळेने भिन्न आणि हर हे दोन्ही ठेवले. बुधवाऱ्यातील ती मुलगी हिंदी शाळेत शिकते, म्हणून ती आजींपेक्षा भास्कराचार्यांच्या शब्दांना अधिक जवळ आहे. तिच्या वहीतली अंश आणि हर यांच्यामधली आडवी रेघ मात्र भास्कराचार्यांची नव्हे. ती अरबी गणितज्ञांच्या हातून आली. आपले आचार्य वर अंश आणि खाली हर एवढेच मांडीत.

बेरीज-वजाबाकी शिकविण्यापूर्वी ते भिन्नांच्या चार जाती सांगतात. पहिली भागजाती : निरनिराळ्या छेदांना एका छेदावर आणणे, म्हणजे समच्छेद. दुसरी प्रभागजाती : भागाचा भाग काढणे. तिसरी भागानुबंध : पूर्णाला भाग जोडणे. चौथी भागापवाह : पूर्णातून भाग काढून घेणे. तिसऱ्या-चौथ्या जातींची उदाहरणे पाहून आम्ही थबकलो. दोन आणि वर चतुर्थांश. तीन, पण चतुर्थांश उणा. ह्यांना एका भिन्नाचे रूप द्या, असे आचार्य विचारतात. उत्तरे नऊ चतुर्थांश आणि अकरा चतुर्थांश. परंतु ही दोन उदाहरणे मराठीत बोलून पाहा. सव्वादोन आणि पावणेतीन! आचार्यांनी संस्कृतात ज्याला मोठी नावे देऊन शिकविले ते आपले मूल बोलू लागताच शिकते. सव्वा म्हणजे सपाद, पायासह. पाऊण म्हणजे पादोन, पायाने उणे. साडे म्हणजे सार्ध. भागानुबंध सव्व्यात आहे, भागापवाह पावणेत आहे.

आणखी तीन शब्द घ्यावेत. दीड हा द्व्यर्ध, म्हणजे दुसरा अर्धा. अडीच हा अर्धतृतीय, ज्यातील तिसरा अर्धा आहे असा. औट हा अर्धचतुर्थ, ज्यातील चौथा अर्धा आहे असा, म्हणजे साडेतीन. ही मोजण्याची रीत अशी की, पूर्ण झालेले मोजण्याऐवजी चालू असलेला कितवा अर्धा आहे हे सांगावयाचे. कोंकणीतील देड आणि अडेच, मराठीतील दीड आणि अडीच, हिंदीतील डेढ़ आणि ढाई ही एकाच घरची भावंडे आहेत. बुऱ्हाणपुरात जुन्या हिंदी पाढ्यांत साडेतीनच्या पाढ्याला हूँठा म्हणत. मराठीतली औटकी तीच. शब्द दोन दिसतात, पण दोन्ही अर्धचतुर्थाचीच झिजलेली रूपे. साडेतीन ही संख्या आपल्याला परकी नाहीच. साडेतीन मुहूर्त आपण पाळतो, देहाला औट हात म्हणतो, आणि साडेतीन शक्तिपीठांत वणीच्या सप्तशृंगीला अर्धे पीठ मानून तिच्याच गडावर श्रद्धेने चढतो. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर, तूप हे सव्वाच्या मापाने घेतो. पूर्ण दिल्यावर वर पाव द्यावा, ही त्यातील भावना, आणि भागानुबंध हे त्याचे गणित.

येथवर पाहता असे वाटेल की आपल्या भाषेने आणि पाढ्यांनी सारे साधले आहे, लीलावतीची गरजच काय? पाढ्यांचा गुण आम्हांस मान्य आहे. सात पाऊण सव्वापाच, आठ औट अठ्ठावीस, हे ज्याच्या जिभेवर आहे त्याची बाजारात फसगत होत नाही. परंतु गुणाबरोबर दोषही पाहिला पाहिजे. आपली जुनी हिशेबाची लिपी आठवा. पाव लिहावयाचा तर एक उभी रेघ, अर्धा तर दोन, पाऊण तर तीन. एकापुढे एक रेघ काढली की सव्वा, दोन काढल्या की दीड. लिहावयास सोपी, वाचावयास सोपी, मोडी दप्तरांत शतकानुशतके चाललेली. पण ह्या लिपीत एक तृतीयांश लिहिता येत नाही, पंचमांश लिहिता येत नाही. पाढे अर्ध्याच्या अर्ध्यापर्यंत जातात आणि तेथे थांबतात. आजींचे "असं कुणी मागतं का" हे वाक्य त्यांच्या स्वभावातून आलेले नाही. ते त्या पाढ्यांच्या कुंपणातून आलेले आहे.

हे कुंपण कोठे नडते, ते लीलावतीनेच दाखविले आहे. एक प्रवासी वाण्याच्या दुकानी येतो. एका द्रम्माला तांदूळ साडेतीन मापे आणि मूग आठ मापे, असा भाव. प्रवाशापाशी तेरा काकिणी आहेत. तो म्हणतो, ह्या घे, आणि दोन भाग तांदूळ व एक भाग मूग दे. आणि लवकर दे, कारण आम्हांला पटकन जेवून निघावयाचे आहे, तांडा पुढे चालला आहे. आचार्यांच्या कोष्टकात चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या चौसष्ट काकिणी.

बुऱ्हाणपुरासारख्या, उत्तरेतून दक्षिणेत जाणाऱ्या वाटेवरच्या गावी हे उदाहरण वाचताना मौज वाटते. हा हिशेब येथल्या किती दुकानांत किती वेळा झाला असेल! तो करून पाहू. समजा दोन मापे तांदूळ आणि एक माप मूग घेतले. तांदळाचे पडतील दोन भागिले साडेतीन, म्हणजे चार सप्तमांश द्रम्म. मुगाचा पडेल एक अष्टमांश. सातावर आणि आठावर असलेले हे दोन वाटे थेट मिळविता येत नाहीत, म्हणून दोघांना छप्पन्नावर आणावयाचे : बत्तीस आणि सात, मिळून एकोणचाळीस छप्पन्नांश. प्रवाशापाशी आहेत तेरा चौसष्टांश. त्याला एकोणचाळीस छप्पन्नांशाने भागले की येतात सात चोविसांश. म्हणजे मूग सात चोविसांश माप, आणि तांदूळ त्याच्या दुप्पट, सात बारांश माप. तांदळाची किंमत झाली द्रम्माचा बरोबर सहावा हिस्सा. औटकी पाठ असणाऱ्याला 'साडेतीनचे दोन म्हणजे सात' एवढे ताबडतोब सुचेल. परंतु सहावा हिस्सा पावकीत नाही आणि निमकीतही नाही. तांडा निघून जाईल आणि प्रवासी उपाशी राहील.

येथे आम्हांस आणखी एक गोष्ट आढळली. द्रम्माच्या जागी आपला जुना रुपया ठेवा, सोळा आण्यांचा, आणि आण्याच्या बारा पै धरा. रुपयाच्या पै होतात एकशेब्याण्णव. तांदळाचे दोन आणे आठ पै आणि मुगाच्या सात पै, असा हिशेब नेमका सुटतो. एक कवडीही तुटत नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम आले. हिशेब सोपा झाला, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु जुन्या रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै असा पूर्ण निघे, आणि नव्या रुपयाचा तिसरा हिस्सा पैशांत कधीच पूर्ण निघत नाही. दशमान आले म्हणून अपूर्णांक संपले, असे मानणाऱ्यांनी तीन भावांत एक रुपया वाटून पाहावा.

गुण सांगितले, आता दोष. लीलावती ही पूज्य आहे म्हणून तिचे दोष झाकावेत, हे आम्हांस मान्य नाही. भास्कराचार्यांनी पूर्वसूरींची चिकित्सा केलीच होती. पहिला दोष असा की, भिन्नांची सारी परिकर्मे शिकविताना आचार्य विद्यार्थ्याच्या हातात वस्तू देत नाहीत. पंचमांश, चतुर्थांश, तृतीयांश, अर्धा आणि षष्ठांश यांची बेरीज सांगा. ती तिनातून वजा करा. असे नुसते आकडे येतात. उत्तरे एकोणतीस विसांश आणि एकतीस विसांश. आकड्यांत काही चूक नाही, पण शिकणाऱ्याला समोर काय आहे हे दिसत नाही. वाण्याचे, भ्रमरांचे, कमळांचे रम्य प्रसंग पुढे येतात, तोवर लहान मुलाचा धीर सुटू शकतो.

दुसरा दोष अधिक गंभीर. नियम आहे, पण कारण नाही. भागाकारासाठी भाजकाचे छेद व अंश उलटावे आणि मग गुणाकाराप्रमाणे करावे, एवढेच सूत्र. उदाहरण देताना आचार्य म्हणतात की, तुझी बुद्धी दर्भाच्या अंकुराच्या टोकासारखी तीक्ष्ण असेल तर पाचाला सव्वादोनाहून किंचित अधिक अशा दोन पूर्ण एक तृतीयांशाने भागून दाखव. दर्भ हातात घेऊन संकल्प करणाऱ्या आपल्या समाजाला ही उपमा तत्काळ कळते. परंतु उलटावयाचे का, ते दर्भाच्या टोकाला कसे कळावे? वास्तविक कारण दोन ओळींत सांगता येते. पाच म्हणजे पंधरा तृतीयांश. दोन पूर्ण एक तृतीयांश म्हणजे सात तृतीयांश. दोन्ही एकाच मापाचे तुकडे झाल्यावर पंधराला साताने भागणे एवढेच उरते : पंधरा सप्तमांश. उलटण्याची क्रिया ही समच्छेदाचीच जवळची वाट आहे. नियम पाठ असून कारण ठाऊक नसेल, तर परीक्षेच्या दिवशी कोणते उलटावयाचे, पहिले की दुसरे, ह्याचा घोटाळा ठरलेला.

ही उणीव आपल्या परंपरेलाही जाणवली होती. कोंकणच्या किनाऱ्यावरील नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांचा ग्रहलाघव पंचांगकर्त्यांच्या घरोघर होता, त्यांनी १५४५ साली लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि तीत सूत्रांच्या उपपत्ती दिल्या. सह्याद्रीच्या आश्रयाने नियम रचला गेला आणि सागराच्या काठी त्याचे कारण लिहिले गेले. मूळ ग्रंथ पाठ करणारे पुष्कळ झाले. टीका वाचणारे थोडे राहिले, आणि आपल्या गणितशिक्षणातील बरेच दुखणे येथूनच सुरू होते, असे आमचे मत आहे.

तिसरा दोष लहान. काही उदाहरणांत कल्पना गणितासाठी वाकविली आहे. भ्रमरांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्रावर, आणि त्या दोहोंच्या अंतराच्या तिप्पट कुटजावर. एक भ्रमर मागे राहिला. एकूण पंधरा. चित्र सुंदर आहे, पण अंतराची तिप्पट करून उडणारे भ्रमर कोणी पाहिले आहेत? तो तिप्पटीचा भाग गणितज्ञाच्या सोयीचा आहे, कवीच्या दृष्टीचा नव्हे.

ह्याच्या उलट, जेथे आचार्य व्यवहार आणि श्रद्धा यांच्या जवळ राहतात, तेथे त्यांची उदाहरणे आठशे वर्षांनंतरही ताजी वाटतात. कृपणाचे उदाहरण पाहा. याचकाला त्याने द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चतुर्थांश दिला, किती दिले? पायरीपायरीने येताना अर्ध्याचा तृतीयांश होतो, मग चतुर्थांश, मग विसांश, तीनशेविसांश, आणि शेवटी एक हजार दोनशेऐंशीवा अंश. द्रम्माच्या कवड्या होतात बाराशेऐंशी. म्हणजे दिली ती एक कवडी! इतके मोठे शब्द आणि एवढे लहान दान. देणगी जाहीर करताना शब्दांचा फुलोरा फुलविणाऱ्यांनी हे उदाहरण देवळाच्या सभामंडपात लावावे, असे आम्ही थट्टेने म्हणत नाही.

यात्रेकरूचे उदाहरण असेच. त्याने अर्धे द्रव्य प्रयागी दिले, उरल्याचे दोन नवमांश काशीस, उरल्याचा चौथा हिस्सा वाटेच्या जकातीत गेला, उरल्याचे सहा दशांश गयेस, आणि त्रेसष्ट निष्क घेऊन तो घरी आला. निघताना होते पाचशेचाळीस. येथे प्रत्येक वेळी 'उरल्याचे' हा शब्द आहे, आणि तोच विसरणारे विद्यार्थी चुकतात. मूळ रकमेचा भाग आणि शिल्लक रकमेचा भाग ह्यांतील फरक ज्याला कळला, त्याला कर्जाचे व्याजही कळले आणि वारसाहक्काची वाटणीही कळली.

परंतु आमच्या मते ह्या साऱ्यांत श्रेष्ठ उदाहरण कमळांचे आहे. कमळांच्या राशीतील तृतीयांशाने शिवाची, पंचमांशाने विष्णूची, षष्ठांशाने सूर्याची आणि चतुर्थांशाने देवीची पूजा झाली. उरलेली सहा कमळे गुरुचरणी वाहिली. एकूण कमळे किती? आचार्यांची रीत अशी की एक संख्या मनाने धरावी. आपण साठ धरू, कारण तीन, पाच, सहा आणि चार ह्या चौघांनाही साठाने सामावून घेता येते. वीस, बारा, दहा आणि पंधरा मिळून सत्तावन्न, उरली तीन. आपल्याला हवी सहा, म्हणून दुप्पट, एकशेवीस. ह्या उदाहरणात समच्छेद म्हणजे काय हे कोणतेही सूत्र न सांगता दिसते. चार देवतांचे चार वाटे वेगवेगळ्या मापांचे आहेत. ते मिळवावयाचे तर आधी चौघांना मान्य असे एक माप शोधावे लागते. आपल्या देवळांत जेथे पूजेच्या पाळ्या वाटलेल्या आहेत, तेथे हा प्रश्न कागदावरचा नसतो. एका घराण्याचा तिसरा हिस्सा, दुसऱ्याचा चौथा, आणि त्या चौथ्यातही तीन भाऊ. वर्षाचे दिवस वाटताना ज्याला समच्छेद येत नाही तो भांडतो, किंवा फसतो.

भास्कराचार्य समच्छेदातही एक सूक्ष्म गोष्ट शिकवितात. एक चतुर्दशांशातून एक त्रेसष्टांश वजा करावयाचा असेल तर चौदा गुणिले त्रेसष्ट असे मोठे आकडे घेऊ नयेत. दोहोंत सात समान आहे, ते आधी काढून टाकावे. मग छेद येतो एकशेसव्वीस. नवातून दोन गेले, सात उरले. सात एकशेसव्विसांश म्हणजे एक अठरांश. जो असे करील त्याला आचार्य सुधी म्हणतात. आजची शाळा हेच लघुतम सामाईक विभाज्य ह्या नावाने शिकविते, आणि नावाच्या ओझ्याखाली त्यातील शहाणपण दबून जाते.

तात्पर्य काय? आजींच्या पाढ्यांनी आपल्याला जीभ दिली, पण ती चतुर्थांशाच्या कुंपणात राहिली. लीलावतीने कुंपण ओलांडण्याचे नियम दिले, पण कारणे टीकाकारांवर सोपविली. आजच्या पाठ्यपुस्तकात नियम आहेत, आकृत्याही आहेत, परंतु घरातले शब्द नाहीत. सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे शब्द वर्गात क्वचित ऐकू येतात, आणि मुलीच्या मनात वहीतला अपूर्णांक व स्वयंपाकघरातला पाव हे दोन वेगळे पदार्थ होऊन बसतात. म्हणूनच तिला दोन पंचमांश लिहिताना शंका आली नाही. ज्याला आपण घरात वाटा म्हणतो तोच वहीत अपूर्णांक आहे, आणि दोन वाटे मिळविण्यापूर्वी त्यांचे माप एक करावे लागते, हे तिला कळावयास हवे होते. लीलावतीचे भिन्नप्रकरण आज वाचावयाचे ते एवढ्यासाठी. प्राचीनांचा अभिमान मिरविण्यासाठी नव्हे. ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' मराठीत उपलब्ध आहे, त्यामुळे संस्कृत येत नाही ही सबब आता चालणार नाही.

बुधवाऱ्यातील त्या ओसरीवर पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही मुलीला काही शिकविले नाही. आजींनीच बारा केळ्यांचा घड पुढे ओढला आणि म्हणाल्या, "अर्धी काढ बरं." सहा निघाली. "आता पुन्हा बारा आहेत असं समज. त्याची तिसरी वाटणी काढ." चार. "मग झाली किती, आणि कितीतली?" मुलगी म्हणाली, "दहा, बारातली." थोड्या वेळाने तिने वहीतला दोन पंचमांश खोडला आणि पाच षष्ठांश लिहिले. मग वर पाहून म्हणाली, "आजी, दोन तृतीयांश डझन म्हणजे आठ केळी. बत्तीस रुपये. कुणी मागितली तर सांगशील ना?" आजींनी केळी टोपलीत भरता भरता मान हलविली, आणि ओठांतल्या ओठांत तो भाव एकदा स्वतःशी मोजून पाहिला.